वापरलेल्या मोटारगाडीची खरेदी

वापरलेली मोटारगाडी म्हणजे एकदा नोंदणी होऊन एका किंवा अधिक मालकांनी चालवलेली आणि पुन्हा विक्रीस आलेली गाडी होय. बोलीभाषेत तिला 'जुनी गाडी' किंवा 'सेकंड हँड गाडी' म्हणतात. मर्यादित उत्पन्न असलेल्या अनेक कुटुंबांची पहिली चारचाकी जुनीच असते. या व्यवहारात वाहनाची यांत्रिक स्थिती जितकी महत्त्वाची असते, तितकीच त्याच्या कागदपत्रांची स्थितीही महत्त्वाची असते. किल्ली व पैसे यांची देवाणघेवाण झाली, तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत व्यवहार अपुरा राहतो आणि त्या अपुरेपणाची झळ विकणारा व घेणारा या दोघांनाही पोहोचू शकते. प्रस्तुत लेख भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, खाजगी वापराच्या गाड्यांच्या खरेदीविषयी आहे.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत भारतीय रस्त्यांवर प्रामुख्याने अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्या दिसत. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते व नव्या गाडीसाठी नाव नोंदवून दीर्घकाळ वाट पाहावी लागे. त्यामुळे चांगल्या अवस्थेतील जुनी गाडीही स्वस्त मिळत नसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यातील लहान गाड्यांचे युग सुरू झाले. १९९० च्या दशकातील उदारीकरणानंतर अनेक नवे उत्पादक भारतात आले. लोक काही वर्षांतच गाडी बदलू लागले आणि जुन्या गाड्यांचा मोठा बाजार उभा राहिला. २००१ साली मारुतीने 'ट्रू व्हॅल्यू' ही जुन्या गाड्यांची विक्रीसाखळी सुरू केली. पुढे इतर उत्पादकांनी व ऑनलाइन कंपन्यांनीही या क्षेत्रात प्रवेश केला.

विक्रेत्यांचे प्रकार

जुनी गाडी साधारणपणे तीन मार्गांनी मिळते.

* प्रत्यक्ष मालकाकडून: दलाली वाचते आणि गाडीचा पूर्वेतिहास मालकाच्या तोंडून कळतो. मात्र कोणतीही हमी मिळत नाही.
* स्थानिक विक्रेता किंवा एजंटाकडून: एकाच ठिकाणी अनेक गाड्या पाहता येतात. विक्रेत्याचा नफा किमतीत मिळवलेला असतो.
* उत्पादकांच्या विक्रीसाखळ्या व ऑनलाइन कंपन्यांकडून: किंमत तुलनेने अधिक असते; परंतु तपासणीचा अहवाल, काही काळाची हमी आणि हस्तांतरणाची व्यवस्था बहुधा मिळते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या व १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी अधिकारपत्राची तरतूद करण्यात आली. मालकाने अशा अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची सूचना नोंदणी अधिकाऱ्याला दिली, की पुढील विक्री होईपर्यंत तो विक्रेताच मानीव मालक ठरतो. त्यापूर्वी विक्रेत्याकडे पडून असलेली गाडी कागदोपत्री जुन्याच मालकाची राही. तिच्यामुळे उद्भवणाऱ्या दायित्वाचा प्रश्नही त्यालाच भेडसावे.

किंमत आणि एकूण खर्च

जुन्या गाडीची किंमत तिचे उत्पादन वर्ष, धावलेले किलोमीटर, मालकांची संख्या, इंधनाचा प्रकार, देखभाल आणि त्या प्रतिमानाला असलेली मागणी यांवर ठरते. वाहन विम्यात वापरला जाणारा घसाऱ्याचा तक्ता किमतीचा अंदाज घेण्यास उपयोगी पडतो. गाडीचे विमा घोषित मूल्य काढताना सूचीतील किमतीतून पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के, चार वर्षांपर्यंत ४० टक्के आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरली जाते. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे मूल्य विमा कंपनी व विमेदार परस्पर संमतीने ठरवतात. बाजारभाव या आकड्यांशी तंतोतंत जुळत नाही. तरीही गाडीची किंमत सुरुवातीच्या वर्षांत झपाट्याने उतरते, हे त्यावरून स्पष्ट होते. म्हणूनच चार-पाच वर्षे वापरलेली गाडी घेणाऱ्याला या घसरणीचा लाभ मिळतो.

मागितलेली किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. उदाहरणादाखल, २,२०,००० रुपयांच्या एका गाडीला लगेच टायर (१६,००० रुपये), क्लच (९,००० रुपये), बॅटरी (५,००० रुपये) आणि विमा (८,००० रुपये) यांची गरज आहे व तिच्या नोंदणीची मुदतही संपत आली आहे, असे मानू. खाजगी मोटारगाडीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षे असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. याशिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांवर पर्यावरण कर आकारला जातो. हा कर वगळूनही अशी गाडी २,६३,००० रुपयांना पडते. त्यापेक्षा सुस्थितीतील २,५०,००० रुपयांची गाडी प्रत्यक्षात स्वस्त ठरते.

वस्तू व सेवा करासाठी नोंदणी केलेल्या विक्रेत्याला जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के कर द्यावा लागतो. तो संपूर्ण किमतीवर नसून विक्रेत्याच्या नफ्यावर असतो. दोन खाजगी व्यक्तींमधील विक्रीवर हा कर नाही.

कागदपत्रांची तपासणी

नोंदणी प्रमाणपत्र (आरसी) हा या व्यवहारातील मूळ दस्तऐवज होय. त्यावरील चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी प्रत्यक्ष ताडून पाहावे लागतात. खाडाखोड केलेला किंवा घासलेला क्रमांक ही धोक्याची खूण असते. वस्तू विक्री अधिनियम, १९३० नुसार विक्रेत्याला स्वतःकडे असलेल्या हक्काहून अधिक हक्क खरेदीदाराला सामान्यतः देता येत नाही. त्यामुळे चोरीची गाडी प्रामाणिकपणे, पूर्ण मोबदला देऊन घेतली, तरी ती मूळ मालकाकडे परत जाऊ शकते.

'वाहन' या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीतील बरीचशी माहिती परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर व 'एम-परिवहन' ॲपवर पाहता येते. तेथे पुढील बाबी पडताळल्या जातात :

* नोंदणीचा दिनांक, मुदत आणि मालकाचा अनुक्रमांक;
* विम्याची मुदत;
* कर्जबोजा;
* प्रलंबित ई-चलने.

शेतजमिनीच्या सातबारा उताऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात जसा बोजा नोंदवलेला असतो, तसाच कर्ज देणाऱ्या बँकेचा हक्क गाडीच्या नोंदणीत असतो. सर्व हप्ते फिटले तरी ही नोंद आपोआप निघेलच असे नाही. त्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ मधील अर्ज आवश्यक असतो. बोजा उतरण्यापूर्वी पूर्ण रक्कम दिल्यास खरेदीदाराचे पैसे अडकून पडण्याचा संभव असतो.

सीएनजी संच कंपनीकडून न बसवता नंतर बसवला असल्यास त्याची नोंद प्रमाणपत्रावर असणे अनिवार्य आहे. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. पूर्वी पर्यटक टॅक्सी म्हणून चाललेली आणि नंतर खाजगी नोंदणीत रूपांतरित केलेली गाडी बाहेरून नीटनेटकी दिसली, तरी तिचा वापर बराच झालेला असतो. जुन्या नोंदींवरून हा इतिहास समजतो.

गाडीची प्रत्यक्ष तपासणी

गाडी दिवसाउजेडी, शक्यतो इंजिन थंड असताना आणि विश्वासू मेकॅनिकला सोबत घेऊन पाहणे इष्ट मानले जाते. विक्रेत्याने आधीच इंजिन तापवून ठेवलेले असल्यास सुरू होण्यातील दोष झाकला जातो. धुराचा रंगही बोलका असतो. निळसर धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळत असल्याचे, सतत निघणारा दाट पांढरा धूर म्हणजे शीतक ज्वलनकक्षात शिरत असल्याचे आणि काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नसल्याचे लक्षण समजतात.

धावलेल्या किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे ही या बाजारातील जुनी लबाडी आहे. सर्व्हिसच्या नोंदी, पेडलांवरील रबराची झीज, स्टिअरिंगवरील गुळगुळीतपणा आणि चालकाच्या आसनाची अवस्था यांच्याशी तो आकडा जुळतो का, हे पाहिले जाते. टायरच्या कडेवर चार अंकी संकेत असतो. त्यातील पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवतात. उदाहरणार्थ, '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दारे व बॉनेट यांच्या फटींतील असमानता, रंगातील सूक्ष्म फरक आणि बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे व्रण दिसल्यास अपघातानंतर दुरुस्ती झाल्याची शंका घेता येते.

महाराष्ट्रात भूगोलाप्रमाणे तपासणीचा भर बदलतो. कोकण व गोव्याच्या खाऱ्या हवेत वापरलेल्या गाडीचा तळ, चाकांवरील कमानी आणि दारांच्या खालच्या कडा गंजलेल्या असू शकतात. घाटात सतत चाललेल्या गाडीचे क्लच व ब्रेक लवकर झिजतात. पुरात बुडालेली गाडी हा सर्वांत फसवा प्रकार होय. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीतील व २०२१ च्या चिपळूणमधील महापुरांतही हेच घडले. अशी गाडी धुऊन-पुसून विक्रीस आली, तरी पाणी विद्युतजोडण्यांत शिरलेले असल्याने दोष काही महिन्यांनी उघड होतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारे चिखलाचे डाग, आसनांखालील पट्ट्यांवरील गंज, दिव्यांच्या काचेआडचे बाष्प आणि गालिच्याचा कुबट वास या तिच्या खुणा आहेत.

स्वस्त गाडी निवडताना सुरक्षिततेचा विचार मागे पडतो. नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली. शेजारच्या आसनासाठीची सक्ती नव्या प्रतिमानांना एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासूनच्या प्रतिमानांना त्यानंतर लागू झाली. ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी एबीएस प्रणाली एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांत आवश्यक ठरली. यापूर्वीच्या गाडीत ही साधने असतीलच असे नाही. एकाच प्रतिमानाच्या २०१८ व २०२० मधील गाड्यांच्या किमतीतील फरक पाहताना हा मुद्दा लक्षात घ्यावा लागतो.

मालकीचे हस्तांतरण

मालकीविषयी दोन कायद्यांचे दृष्टिकोन भिन्न आहेत. वस्तू विक्री अधिनियमानुसार जंगम वस्तूची मालकी उभयपक्षांच्या इराद्याप्रमाणे हस्तांतरित होते. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार वाहन ज्याच्या नावे नोंदलेले असते, ती व्यक्ती मालक होय. अपघातानंतर नुकसानभरपाईचे दायित्व ठरवताना ही दुसरी व्याख्या निर्णायक ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिलेल्या एका प्रकरणात २००७ मध्ये विकलेली गाडी पुढे अनेक हातांतून गेली आणि २००९ मध्ये तिला अपघात झाला. परंतु नोंदणी पहिल्याच विक्रेत्याच्या नावे राहिली होती. न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकालाच नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरले. अपघातग्रस्ताला एकामागून एक झालेल्या विक्रीव्यवहारांचा माग काढत बसावे लागू नये, ही त्यामागील भूमिका होती.

अधिनियमाच्या कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यातील विक्रीची सूचना १४ दिवसांत आणि परराज्यातील विक्रीची सूचना ४५ दिवसांत द्यावयाची असते. खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याकडे कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ (विक्रीची सूचना) व नमुना ३० (हस्तांतरणाचा अर्ज) वापरतात. मालकाचा मृत्यू झाल्यास वारसाने प्रथम नमुना ३१ द्वारे गाडी आपल्या नावे करून घ्यावी लागते. कोऱ्या अर्जांवर सह्या करून गाडी सोपवण्याची प्रथा प्रचलित असली, तरी तिच्यामुळे विक्रेता दायित्वातून मुक्त होत नाही. व्यवहाराच्या वेळी इसारपावती करून, गाडी ताब्यात दिल्याचा दिनांक व वेळ लिहून ठेवणे आणि काही रक्कम हस्तांतरणापर्यंत राखून ठेवणे उभयतांच्या हिताचे असते. विक्रेत्याने आपला फास्टॅगही बंद करावा लागतो.

परराज्यातील गाड्या

परराज्यातील गाडीसाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची असल्यास तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि वयानुसार त्या राज्याचा करही भरावा लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली व राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध घातले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हा निर्बंध कायम राहिला. पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांनाही तो लागू झाला. पुढे त्याच्या अंमलबजावणीत बदल झाले. मात्र या काळात तेथील अनेक गाड्या कमी किमतीत अन्य राज्यांत विकल्या गेल्या. अशा गाडीची स्वस्ताई कर, वाहतूक आणि पुनर्नोंदणी यांचा हिशेब केल्यावर पुष्कळदा ओसरते.

विमा

अधिनियमाच्या कलम १५७ नुसार तृतीय पक्षाच्या नुकसानीपुरता विमा गाडीसोबत नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र असे आपोआप मिळत नाही. त्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावयाचा असतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातील सूट, जी कमाल ५० टक्के असते, ती गाडीची नसून विमेदाराची असते. म्हणून ती खरेदीदाराला मिळत नाही; विक्रेता ती आपल्या पुढील गाडीसाठी वापरू शकतो.

तक्रार व दाद

व्यावसायिक विक्रेत्याने दोष लपवून खाजगी वापरासाठी गाडी विकल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. खाजगी व्यक्तीकडून एखादी गाडी घेतल्यास हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो. तेथे भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कपट व चुकीचे निवेदन यांविषयीच्या तरतुदींच्या आधारे दिवाणी न्यायालयात जावे लागते. दोन्ही ठिकाणी लेखी पुरावा मोलाचा असतो. जाहिरातीतील मजकूर, संदेश, पावत्या आणि तपासणी अहवाल जपून ठेवल्यास विक्रेत्याने नेमके काय सांगितले होते, हे सिद्ध करता येते.

हेही पाहा

* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* प्रादेशिक परिवहन कार्यालय
* वाहन विमा
* मारुती ८००