दातांत सणक का येते?

आइस्क्रीमचा पहिला घास घेताच दातातून कळ निघत असेल, तर दात किडलाच असेल असं नाही. दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. त्याला संवेदना नसते. आतल्या डेंटिनमध्ये मात्र द्रवाने भरलेल्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, चौरस मिलिमीटरला हजारोंनी! कवच झिजलं किंवा हिरडी मागे सरकून मूळ उघडं पडलं, की गार, गोड, आंबट लागताच हा द्रव हलतो आणि आतली नस कळवळते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात पुराव्यानिशी मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही सर्वाधिक मान्य आहे.

झीज बहुतेकदा आपणच करतो. कडक ब्रश, मिसरी, झोपेत दात खाणं, दिवसभर घोट घोट लिंबूसरबत. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश तर नकोच, तेव्हा कवच मऊ पडलेलं असतं. चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट नस शांत करते, पण रोज दोनदा, काही आठवडे वापरली तरच. (चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणणारे घरोघरी आहेत!) तेवढ्याने भागलं नाही तर दंतवैद्य फ्लोराइडचा लेप लावतात किंवा उघडा भाग भरतात. लवंगतेल तात्पुरतं बधिर करतं, बाकी काही नाही.

एकाच दाताला ठणका, गरम लागल्यावर बराच वेळ राहणारी कळ, चावताना दुखणं, यांपैकी काही असेल तर पेस्टवर वेळ घालवू नका. थेट दंतवैद्याकडे जा.