अक्षर नेमकं कधी उजळावं?

सोनीने २००४ मध्ये प्लेस्टेशन २ साठी ‘सिंगस्टार’ हा पडद्यावर उजळणाऱ्या अक्षरांबरोबर गायचा खेळ आणला. त्याच धर्तीवरच्या ‘अल्ट्रास्टार डिलक्स’ या मोफत खेळात कुणालाही आपल्या आवडीचं गाणं घालता येतं.

खरी मेहनत असते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. प्रत्येक अक्षर कितव्या ठोक्याला सुरू होतं, किती ठोके टिकतं, कोणत्या सुरात, हे तिथे ओळीओळीने लिहायचं. बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, मुद्दाम मोठा ठेवतात. खेळ तो आणखी चौपट करतो. ३०० लिहिलं की एक ठोका अवघा ५० मिलिसेकंदांचा! एवढी बारीक मापं हवीतच, कारण चांगला गायक तालाच्या किंचित पुढेमागे गातो आणि गोडवा तिथेच असतो.

अक्षरं गाण्याच्या हळूहळू मागे पडत गेली, तर आधी बीपीएम तपासावा. फरक सुरुवातीपासून सारखाच असेल, तर ‘गॅप’, म्हणजे पहिल्या ठोक्याआधीचे मिलिसेकंद, बदलावेत.