परसबागेत उगवलेले अनोळखी फळझाड कसे ओळखावे?

पावसाळ्यात परसबागेत, द्राक्षबागेच्या बांधावर अथवा टोमॅटोच्या शेतात न लावलेली झाडे उगवतात. पाखरांच्या विष्ठेतून वा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून त्यांचे बी येते. अशा झाडाला फळ धरले की मुले ते तोडून खातात. म्हणून ओळख पटेपर्यंत कोणतेही फळ चाखू नये, हा पहिला नियम होय.

नाशिक भागात आढळणारी पुढील झाडे एकमेकांशी ताडून पाहावीत :

(१) रानपोपटी : हे वर्षायु झाड आहे. पानाच्या बेचक्यात एकेकटे, फिकट पिवळे फूल येते. फळाभोवती कागदासारखे फुगीर वेष्टन असते. पिकलेले फळ पिवळसर होते व ते खातात. हिरवे फळ मात्र अपायकारक असते. लागवडीची रसभरी याच कुळातील असून मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे.

(२) अश्वगंधा : हिच्याही फळाला वेष्टन असते, परंतु आतील फळ लहान व लालभडक असते. फुले हिरवट-पिवळी व झुपक्याने येतात; पानांवर करडी लव असते. ताजे मूळ चुरडल्यास घोड्याच्या अंगासारखा वास येतो. हे फळ खाऊ नये.

(३) कामोणी : फुले पांढरी, चांदणीसारखी. वाटाण्याएवढी फळे घोसाने येतात व त्यांना वेष्टन नसते. हिची हिरवी फळे विषारी असतात.

(४) मोगली एरंड : कुंपणावरील झुडूप. फांदी मोडल्यास चीक निघतो. फळात बहुधा तीन काळ्या बिया असतात. त्यांची चव शेंगदाण्यासारखी लागत असल्याने मुले फसतात व त्यांना उलट्या, जुलाब होतात.

अशी विषबाधा झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे व त्या झाडाची फळासह फांदी सोबत न्यावी. डॉक्टरांना निदान करणे त्यामुळे सोपे जाते.

ओळखीचा दुसरा लाभ पिकाला होतो. रानपोपटी व कामोणी ही टोमॅटोच्याच कुळातील आहेत. पांढरी माशी टोमॅटोची पाने आकसविणारा विषाणुरोग पसरविते. अशा तणांवर माशी व रोग या दोहोंना आसरा मिळतो. म्हणून टोमॅटोच्या शेतातील व बांधावरील ही तणे फुलापूर्वीच उपटावीत.

ओळख न पटल्यास पाने, फूल व फळ असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी. सोबत गाव, तारीख, झाडाची उंची व फुलाचा ताजा रंग लिहावा, कारण वाळल्यावर रंग पालटतो. हा नमुना तालुका कृषि अधिकारी कार्यालयात अथवा नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवावा. पुणे येथे भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे १९५५ साली स्थापन झालेले पश्चिम विभागीय केंद्र असून तेथे वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चार झाडे शाळेतील मुलांना प्रत्यक्ष दाखवावीत. एकदा डोळ्यांनी पाहिलेले झाड मूल सहसा विसरत नाही.