कोर्लईच्या गडावरचे चर्च

अलिबागहून दक्षिणेला निघाले की चौल लागते, मग रेवदंडा. रेवदंड्याला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिच्या पलीकडे एक लांबट डोंगर थेट पाण्यात शिरला आहे. त्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. किल्ल्यात एक जुने चर्च आहे. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनेचे ठिकाण. ते बघायला आम्ही गेलो होतो.

दीपगृहाजवळून पायऱ्या चढलो. ऊन मी म्हणत होते. वर दगडी तट, बुरूज, पाण्याचे टाके आणि महादेवाचे लहान देऊळही आहे. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, पण छप्पर नाही. आत उभे राहून मान वर केली, तर आभाळच दिसले!

इथे प्रार्थना कोण करत होते? पोर्तुगीज शिपाई. युरोपात पोर्तुगाल नावाचा देश आहे. तिथले लोक व्यापारासाठी गलबते घेऊन आपल्या किनाऱ्यावर आले आणि चौलला ठाण मांडून बसले. समोरच्या या डोंगरावर अहमदनगरच्या निजामशाहीने किल्ला बांधायला घेतला. तिथून तोफा डागल्या तर चौलची धडगत नव्हती. म्हणून 1594 साली पोर्तुगीजांनी हल्ला करून तो घेतला. लढाईत एक हत्ती दरवाजातच पडला, त्यामुळे दार मिटता येईना, असे सांगतात.

पुढे मराठ्यांशी लढाई झाली. वसई 1739 साली मराठ्यांनी घेतली. 1740 साली चौल आणि कोर्लईही पोर्तुगीजांनी सोडले. साहेब लोक गेले, तोफा गप्प झाल्या. वरचे चर्च ओस पडले.

पण खाली गावात एक नवल राहिले. शिपायांनी इथल्याच बायकांशी लग्ने केली होती. त्यांची गरीब लेकरे कुठे जाणार? ती कोर्लईतच राहिली, शेती आणि मासेमारी करू लागली. त्यांच्या घरात पोर्तुगीज आणि मराठी यांची मिळून एक बोली तयार झाली होती. ती त्यांनी सोडली नाही. तिला ते ‘नोउ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. ही बोली बोलणारे हजाराच्या आतबाहेर आहेत, बस्स.

पोर्तुगीज गेल्यावरही ती कशी टिकली? एक तर ही माणसे लग्ने आपसातच करत. दुसरे म्हणजे गावातले माउंट कार्मेल मातेचे चर्च. तिथे 1960 नंतरच्या काही वर्षांपर्यंत पोर्तुगीज भाषेत प्रार्थना चाले. दर रविवारी ती भाषा कानावर पडे.

आणि पोर्तुगीज शब्द काय फक्त कोर्लईतच आहेत? चावी, घमेले, बिजागरी, पगार, बटाटा, पाव, काजू हे शब्द आपण रोज बोलतो. तेही पोर्तुगीजांकडूनच आले.

1986 साली खाडीवर पूल झाला. गावचे लोक रेवदंड्याला कामाला, शाळेला, बाजाराला जाऊ लागले. सोय फार मोठी झाली.

उतरताना एक आजी ओसरीवर मासळी निवडत बसल्या होत्या. आम्ही विचारले, “आजी, घरी कोणती भाषा बोलता?”

“आमचीच,” त्या म्हणाल्या. “मी नातवाला आमच्या भाषेत हाक मारते. तो ओ देतो मराठीत!”