ताडीतली गुंगी आणि मेंदूचा ब्रेक

मनोर-पालघर पट्ट्यात ताडी नवी नाही. पहाटे उतरवलेली गोड नीरा ऊन चढले की आंबते आणि तिची ताडी होते. तिच्यातले अल्कोहोल बिअरच्या आसपास असते. तेव्हा पेला-दोन पेल्यांत कोणी तासन्‌तास निपचित पडले, तर भेसळीचा संशय घ्यावा. नशा वाढवायला ताडीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम मिसळल्याचे प्रकार देशात अनेकदा उघड झाले आहेत.

ही द्रव्ये नेमके काय करतात? मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवतात, तशा शांतही करतात. शांत करणारा मुख्य संदेशवाहक म्हणजे ‘गाबा’. त्याचा ‘गाबा-ए’ हा ग्राहक म्हणजे पाच प्रथिनांचे कडे असते. बहुतेकदा दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा. मधोमध बंद छिद्र. अल्फा-बीटाच्या दोन सांध्यांत गाबा बसला की छिद्र उघडते, ऋणभारित क्लोराइड आत शिरते आणि पेशी शांत होते. हाच मेंदूचा ब्रेक.

डायझेपाम अल्फा-गॅमाच्या सांध्यात बसते. ते स्वतः छिद्र उघडत नाही. गाबा असताना ते अधिक वेळा उघडायला लावते. क्लोरल हायड्रेटपासून शरीरात बनणारे ट्रायक्लोरोइथेनॉल आणि अल्कोहोलही याच ग्राहकाचा जोर वाढवतात. तिन्ही एकत्र आली की श्वास मंदावतो, थांबूही शकतो.

दुसरा धोका सोडताना. रोज ब्रेक दाबला गेला की ग्राहक दाद देईनासे होतात. पुरवठा अचानक तुटला की मेंदू बेफाम होतो : थरथर, निद्रानाश, भास, झटके. 2015 मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली, तेव्हा असेच शेकडो लोक रुग्णालयांत आले.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, उलटी करवू नका, 108 ला फोन करा आणि ताडी प्यायल्याचे डॉक्टरांपासून लपवू नका. रोजची सवय असेल, तर ती एका दिवसात तोडू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडा. झटके आले, तर तो मनाचा कमकुवतपणा नव्हे. ब्रेक निकामी झालेल्या मेंदूची ती हाक असते.