दाराबाहेरचा कावळा

मराठी घरातल्या बहुतेक मुलांची पहिली गोष्ट चिऊ-काऊची असते. कावळा शेणाच्या घरात राहतो, चिमणी मेणाच्या. मोठा पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, आणि तो कुडकुडत चिमणीचे दार ठोठावतो. ती आतून सांगते, थांब जरा. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, तीट लावायची आहे, निजवायचे आहे.

ही गोष्ट आपल्या आजीच्याही आजीपेक्षा जुनी आहे. म्हाइंभटांच्या तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’तही ती सापडते, तिथे चिमणीच्या जागी साळई आहे. सातशे वर्षे हा कावळा मराठी दाराशी भिजत उभा आहे!

लहानपणी आपण आतल्या बाळाच्या जागी असतो. बाहेर पाऊस, अंगावर गोधडी, शेजारी आई. कावळा जितका भिजेल तितकी आपली ऊब वाढते. त्याचे घर शेणाचे, म्हणजे चूक त्याचीच, असेही मनात पक्के बसते.

माझी नोकरी बँकेतली. कर्जाच्या अर्जावर घर पक्के की कच्चे हे लिहावे लागे. तेव्हा कळले, की शेणामातीचे घर आळसातून येत नाही. हाताशी जे असते त्याचेच माणूस घर बांधतो. आणि मेण तरी कसले पक्के? पावसात टिकते, उन्हाळ्यात वितळते. प्रत्येकाच्या घराचा एकेक ऋतू वैरी असतो.

मग चिमणी दुष्ट का? तसेही म्हणवत नाही. कावळा अंडी-पिल्ले खातो, हे तिला ठाऊक आहे. रात्रीची वेळ, घरात एकटी बाई, कडेवर लेकरू. तिने सांगितलेली कामे निव्वळ सबबी नाहीत; कोणत्याही आईचा तो रोजचा दिवस आहे. भीतीही खरी आणि बाहेरचा पाऊसही खरा. गोष्ट टिकली ती यामुळेच.

शेवट मात्र घरोघरी निराळा. कुठे कावळा चुलीशी भाजतो, कुठे आत येऊन चिमणीचाच खाऊ फस्त करतो. कुठे शेवटच नसतो, कारण ऐकणारा झोपलेला असतो. म्हणजे दाराचे काय करायचे, हे सांगणाऱ्याच्या हाती आहे.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मुंबईत कितीतरी अनोळखी माणसांना लोकांनी घरात घेतले, चहा दिला, कोरडे कपडे दिले. नाव-गाव नंतर विचारले. त्यांच्याही लहानपणी हीच गोष्ट असणार.

साठी उलटली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आता दार ठोठावणाऱ्यांत आपणही असतो. मुले प्रेमळ असतात, पण आतून आवाज येतो, ‘बाबा, थांबा जरा, मीटिंग चालू आहे.’ राग येत नाही. त्यांचेही बाळ न्हायचे असते.

म्हणून नातवंडांना गोष्ट सांगताना बाळाची तीट-पावडर जरूर सांगावी. फक्त ती झाली, की दार उघडायला विसरू नये.