टेबलावरची कॉन्स्टिट्यूशन

'यूएसएस कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकी युद्धनौकेच्या लाकडी मॉडेलचं किट पहिल्यांदा उघडणारा माणूस बुचकळ्यात पडतो. खोक्यावर तीन डोलकाठ्यांचं देखणं जहाज, आणि आत पातळ पट्ट्यांचे जुडगे, लेझरने कापलेल्या फळ्या, दोऱ्याची रिळं, ओतीव धातूच्या तोफा नि घड्या घातलेले मोठमोठे नकाशे. लाकूड कापून दिलेलं असलं, तरी ते वळवायचं, तासायचं, बसवायचं काम सगळं शिल्लकच असतं. या छंदाची खरी गंमत तिथेच आहे.

मॉडेल शिपवेज या अमेरिकी कंपनीचं हे किट १:७६.८ या प्रमाणात आहे. आकडा विचित्र वाटतो, पण फूट-इंचांच्या हिशेबात तो सरळ आहे: खऱ्या जहाजावरचा १ फूट म्हणजे मॉडेलवर ५/३२ इंच. मूळ नौका नाळेच्या टोकापासून मागच्या कठड्यापर्यंत २०४ फूट. टेबलावर ती साधारण ८१ सेंटीमीटर होते. नाळेपुढे झेपावणारी तिरकी काठी वेगळीच. घरात तेवढी जागा आहे का, हे आधी बघावं.

खरी कॉन्स्टिट्यूशन बोस्टनमध्ये २१ ऑक्टोबर १७९७ रोजी पाण्यात उतरली. जोशुआ हम्फ्रीज यांनी तिची आखणी केली. सांगाड्यासाठी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लाइव्ह ओक हे अतिशय चिवट लाकूड वापरलं. १८१२च्या ऑगस्टमध्ये 'ग्युरिएर' या ब्रिटिश जहाजाशी झालेल्या लढाईत तोफगोळे तिच्या अंगावर आपटून परत फिरले, असं सांगतात. 'ओल्ड आयर्नसाइड्स' हे नाव तिला तेव्हापासून चिकटलं. ती आजही बोस्टनच्या चार्ल्सटाउन गोदीत उभी आहे आणि अमेरिकी नौदलाच्या सेवेत आहे.

मॉडेलमध्ये आधी उभा कणा येतो. त्याच्या खाचांत आडवे साचे काटकोनात बसवतात. खऱ्या जहाजाच्या बरगड्या जवळजवळ असतात, इथे मात्र साच्यांमध्ये बोटं जातील इतकी पोकळी राहते, म्हणून प्रत्येक साच्याची कड नेमक्या उतारात घासावी लागते. नाळेकडे उतार जास्त, मध्यावर जवळजवळ नाही. लांब पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून एकाच वेळी तीन-चार साच्यांवरून फिरवायचं आणि मधूनमधून एक फळी नुसती टेकवून बघायची. फळी सगळ्या साच्यांना अंग लावून टेकली की झालं. घाईची माणसं ही पायरी उरकतात, आणि मग राहिलेला खड्डा किंवा उंचवटा रंगाच्या तीन हातांनंतरही दिसत राहतो.

फळ्या बसवणं हा या कामाचा जीव. जहाज मध्यावर रुंद, नाळेशी निमुळतं. सगळ्या पट्ट्या सारख्याच रुंदीच्या ठेवल्या, तर पुढे गेल्यावर त्या एकमेकींवर चढतात. म्हणून प्रत्येक साच्यावरचं अंतर कागदाच्या पट्टीने मोजायचं, त्याला फळ्यांच्या संख्येने भागायचं आणि प्रत्येक फळी टोकाकडे तेवढी बारीक करायची. मग ती पाण्यात भिजवून, गरम इस्त्रीवर किंवा बत्तीवर हळूहळू वाकवून, आपल्या फेविकॉलच्या जातीचा पांढरा गोंद लावून चिमट्यांनी धरून ठेवायची. डावीकडे एक बसली की उजवीकडे तिची जोडीदार. एकाच बाजूचं काम पुढे नेलं तर कणाच पिळतो. युरोपातल्या पुष्कळ किटांत फळ्यांचे दोन थर असतात, त्यामुळे पहिल्या थरातल्या चुका दुसऱ्याखाली झाकल्या जातात. इथे थर एकच, म्हणून हात जरा जास्त सावध लागतो.

पाण्याखालच्या भागाला तांबं. लाकूड पोखरणारा किडा लागू नये, शिंपले-शेवाळ धरू नये, म्हणून त्या काळी जहाजांना तांब्याचे पत्रे ठोकत. पत्रा साधारण ४ फूट बाय १४ इंचांचा. मॉडेलवर तो १६ बाय साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतो. तांब्याच्या चिकटपट्टीतून असे शेकडो तुकडे कापायचे नि मागून पुढे लावत जायचे. पुढचा पत्रा मागच्यावर चढला, की धावत्या पाण्याला उचकटायला कड सापडत नाही.

इतकं सगळं पहिल्याच फटक्यात कुणी अंगावर घेऊ नये. याच कंपनीच्या एका मालिकेत आधी मासेमारीची डोरी, मग छोटी नॉर्वेजियन शिडाची होडी, मग लॉबस्टर पकडणारी नाव, असा क्रम लावलेला आहे. तो पाळणं शहाणपणाचं.

कॉन्स्टिट्यूशनवर शेवटी येतात दोर. डोलकाठ्यांना कायमचे आधार देणारे दोर डांबरलेले, म्हणून मॉडेलवर काळपट; शिडं हलवणारे दोर फिकट. दोऱ्याची लव बसावी म्हणून तो मेणावरून ओढून घेतात. खलाशी चढायचे त्या दोरांच्या शिडीची प्रत्येक पायरी प्रत्येक उभ्या दोराला क्लोव्ह हिचने, म्हणजे स्काउटमध्ये शिकवतात त्या गाठीने, बांधायची. गाठ जास्त आवळली की उभे दोर आत ओढले जाऊन कमरेत बारीक होतात. सैल सोडली की पायरी लोंबते.

डेकवर सुकाणूचं चाक बसवताना मात्र मराठी वाचकाने जरा थांबावं. डिसेंबर १८१२मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'जावा' या ब्रिटिश जहाजाशी लढताना कॉन्स्टिट्यूशनचं चाक तोफेने उडालं. जावा हरली. तिचं चाक काढून कॉन्स्टिट्यूशनवर बसवलं गेलं, आणि जावा जाळून टाकली. ती निघाली होती हिंदुस्थानकडे. तिच्यावर होते थॉमस हिस्लॉप, म्हणजे पुढे डिसेंबर १८१७मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढलेले सेनापती. तिच्यावरच मुंबईच्या गोदीत बांधायच्या 'त्रिंकोमाली' या नौकेचे नकाशेही होते. ते गेले, म्हणून दुसरे मागवावे लागले, आणि काम लांबलं. जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली त्रिंकोमाली अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, अजून तरंगते आहे, आणि तिच्या डेकवर चढून बघता येतं.